न्हाणीचा ढाळ

ओळंबा म्हणजे भिंत सरळ उभी राहतेय का ते बघायला गवंडी दोरीला बांधून सोडतो तो लोखंडी गोळा. आमच्या गल्लीतल्या एका गवंड्यालाच सगळे ओळंबा म्हणायचे. उंच, काटकुळा, मान खाली घालून चालणारा. बावीस वर्षांपूर्वी तो कामासाठी दूरच्या शहरात गेला, नि इस्पितळांच्या न्हाण्या बांधत तिथंच राहिला. वडील गेले तेव्हा दोन दिवस येऊन गेला, तेवढाच. यंदा आला तो पंधरा दिवसांची सुट्टी काढून.

गल्लीत शिरतानाच त्याचं नाक आक्रसलं. पूर्वी दारोदार पायऱ्या होत्या नि पायऱ्यांवर माणसं. आता फाटकं, फाटकांवर घंटा, आत भुंकणारी कुत्री. मधल्या गटारावर फरश्या टाकून वर गाड्या उभ्या. गटार होतं तसंच होतं, फक्त झाकलेलं. फटीतून त्याचा वास जुन्या दोस्तासारखा सामोरा आला.

"तू एकटाच आलास बघ घ्यायला," ओळंबा पुटपुटला.

घरात त्याच्या धाकट्या भावानं जुनं काही बाकी ठेवलं नव्हतं. अंगणात सिमेंट. एसी लावला म्हणून खिडक्या कायमच्या बंद. सोफ्यावरचं प्लास्टिक चार वर्षं झाली तरी काढलेलं नाही. उठताना ते फर्रकन मांडीची साल ओढायचं. भावजय येता-जाता हवेत गुलाबाच्या वासाचा फवारा मारत होती. गुलाबाखाली दुसरंच काहीतरी कुजत होतं.

आई मागच्या खोलीत बसली होती. तो वाकून तिच्या जवळ गेला आणि नकळत मागं सरला. आंबट, ओशट वास. हीच ती आई, कानामागचा मळ काढताना कान लालबुंद करणारी! त्याला तिची किळस आली, आणि किळस आली म्हणून मग स्वतःचीच आली.

"आई, अंघोळ कधी केलीस?"

"रोज पुसून घेते की अंग."

"अंघोळ विचारतोय मी."

तिनं बोटांवर दिवस मोजायला घेतले नि अर्ध्यात सोडून दिले. "दोनदा पडले रे त्या चकचकीत खोलीत. आता धाकटा न्हाऊ घालायला बाई ठेवतो म्हणतोय. परक्या बाईपुढं उघडी बसू होय मी? त्यापेक्षा येऊ दे वास."

धाकटा न्हाणी दाखवायला उतावीळच होता. "दादा, चप्पल काढून ये हं. परदेशी फरशी आहे." त्यानं कपाटातून काचेची गोटी आणली नि जमिनीवर ठेवली. "हलली? केसभर नाही! कंत्राटदारानं अशीच ठेवून दाखवली होती. असली लेव्हल तुझ्या इस्पितळात तरी असेल का?"

गोटी खरंच हलली नाही. तिच्याभोवतीचं नखभर पाणीही हललं नाही. साबणाचा राखाडी तवंग, केसांचे पुंजके, कोपऱ्यात हिरवट बुळबुळ. आणि हातभर अंतरावर पाणी जायची जाळी, कोरडी ठणठणीत.

"न्हाणी लेव्हलमध्ये केलीस? गाढवा, पाणी जाणार कुठं? हात धरून न्यायचं का त्याला जाळीपर्यंत?"

"वायपर आहे की."

"आई वाकून वायपर मारणार?"

"म्हणून तर बाई ठेवतोय. आणि दादा, फोडाफोडी नको हं. रविवारी माझे साहेब यायचेत जेवायला."

दुसऱ्या दिवशी धाकटा कामावर गेला, आणि ओळंब्यानं छिन्नी-हातोडा काढला. पहिल्याच घावाला भावजय दारात आली, हातात फवारा.

"अहो दादा, हे काय! ह्यांना फोन लावते मी."

"लाव. म्हणावं, येताना सिमेंट घेऊन ये."

पहिली फरशी उचलली तसा खालून काळा, फसफसणारा चिखल वर आला. चार वर्षांचं मुरलेलं पाणी. वरून परदेशी नि खाली हे! भावजयीनं फवारा दाबला, पण गुलाबाचं काही चाललं नाही. ती तोंड दाबून पळाली. ओळंबा दोनदा बाहेर जाऊन थुंकून आला नि पुन्हा उकिडवा बसला. सगळी घाण त्यानं घमेल्यानं उपसली, कोपऱ्यापासून जाळीपर्यंत दोरी ताणून पाणी उतरेल असा ढाळ धरला, वर साधी खडबडीत, पाय पकडणारी फरशी बसवली. मग दोन दिवस तिथं कुणाला पाऊल ठेवू दिलं नाही.

शनिवारी तोंड फुगवलेल्या धाकट्यानं पुन्हा गोटी आणली आणि कोपऱ्यात ठेवली. ती घरंगळत गेली नि जाळीवर टक्कन थांबली.

"घालवलीस लेव्हल! आई, बघ ह्यानं काय करून ठेवलंय. साहेबांना काय दाखवू मी आता?"

आई भिंत धरत आली. खांद्यावर टॉवेल, हातात साबणाची वडी. तिनं मगभर पाणी कोपऱ्यात ओतलं, आणि ते गुडगुडत जाळीत उतरेपर्यंत मान वाकडी करून बघत राहिली. मग एक पाय टाकला, दाबून पाहिला, दुसरा टाकला.

"झालं तुमचं बघून?" ती म्हणाली. "मग व्हा बाहेर दोघं."

आतून कडी लागली. भावजयीनं सवयीनं फवारा उचलला. ओळंब्यानं तिच्याकडं नुसतं पाहिलं, आणि तिनं तो खाली ठेवला.