मजलिशीत मिळालेली रजा

गेल्या महिन्यात नातीने मला दुबईतल्या अल बर्शाहून, तिच्या घरून, गाडीत घातलं आणि अबू धाबीला राष्ट्राध्यक्षांचा महाल दाखवायला नेलं. आत एवढा संगमरवर की चालून चालून माझे गुडघे बोलायला लागले. तिथली गाइड बाई सांगत होती, इथल्या राज्यकर्त्यांची परंपराच अशी, दार सगळ्यांना उघडं, कुणीही यावं, कॉफी घ्यावी, आपलं गाऱ्हाणं मांडावं. नात म्हणाली, "सो ब्यूटिफुल, नो, दादा?" मी म्हटलं, मला नको सांगू, मी मांडलंय गाऱ्हाणं. तिला वाटलं, म्हातारा थापा मारतोय. तिचं काय चुकलं म्हणा. साठ वर्षांत मी ही गोष्ट घरात कुणालाच सांगितली नव्हती.

तेव्हा राष्ट्राध्यक्ष नव्हते, देशही व्हायचा होता. अबू धाबीचे राज्यकर्ते शेख राहायचे जुन्या पांढऱ्या किल्ल्यात, भोवती नुसती वाळू, पलीकडे समुद्र. मी रत्नागिरीकडचा, होड्या बांधणाऱ्या सुताराचा पोरगा. किल्ल्यातल्या खोल्यांना दारं-खिडक्या बसवायला आलो होतो, येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. आमचे मिस्त्री कुलाबा जिल्ह्यातले. अरबी त्यांना यायची, मी आपला त्यांच्या तोंडाकडे बघून काम करायचो. शेख लोकांना भेटायचे ती बैठकीची खोली, तिला मजलिस म्हणत, तिचं नवं दार मी बसवलं. कडी कुठे लावू, विचारलं तर मिस्त्री म्हणाले, "कडी नको. या दाराला कडी नसते." मला हसू आलं. कडी नाही तर ते दार कसलं, नुसती फळी.

मग घरून भावाचं पत्र आलं. अब्बांच्या छातीत पाणी झालंय, अन्न सुटलंय, तोंड बघायचं असेल तर मिळेल त्या बोटीने निघ. मुंबईची आगबोट दुबईहून सहा दिवसांनी सुटणार होती, पुढची त्यानंतर पंधरा दिवसांनी. रजेचा कागद किल्ल्यातून मिळाल्याशिवाय निघता येत नव्हतं. आणि माझं नशीब बघा, मिस्त्री सागवान आणायला दुबईला गेलेले, आठवडाभर येणार नव्हते. माझ्यासाठी बोलणार कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगावरचा भुसा झटकला, वहाणा बाहेर काढल्या आणि मीच बसवलेल्या त्या दारातून आत गेलो. सलाम केला तर आतले सगळे उठून उभे राहिले. माझ्यासारख्या सुतारासाठी, हो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला बसवलं, हातात कॉफीचा चिमुकला पेला दिला. कडू जहर. पेला हलवून परत दिला नाही तर पुन्हा भरतात, हे मला कुठे ठाऊक. पाच पेले प्यायलो. सहाव्याला शेजारच्या म्हाताऱ्याने माझं मनगट धरून पेला हलवून दाखवला.

माझी पाळी आली. घोकून ठेवलेले तीन शब्द बोललो, बाप, आजारी, हिंद. पुढे शब्द संपले आणि डोळ्यांना धार लागली. शेखांनी शांतपणे ऐकून घेतलं, बाजूला उभ्या असलेल्या कारभाऱ्याला हळू काहीतरी सांगितलं. कारभारी माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "खलास. खलास." दोनदा. आणि पुढच्या माणसाकडे वळला.

आता खलास म्हणजे काय, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही विचारा. हंडीतलं कालवण संपलं, खलास. नोकरी गेली, खलास. माणूस मेला, खलास. मी उठलो. पायात वहाणा कशा घातल्या, आठवत नाही.

राग माझ्या नाकावर, तो अजून तिथेच आहे. उठून उभे राहता, कॉफी पाजता, आणि मरणाऱ्या बापाकडे जायचं तर खलास? मला वाटलं, ही कसली रीत, थुंकतो मी असल्या रीतीवर. त्या दिवसापासून मी मुख्य दरवाजाकडे फिरकलो नाही. समुद्राच्या बाजूच्या लहान दारानेच ये-जा करायचो, म्हणजे त्यांचं तोंड बघायला नको. जेवायला बोलावलं तरी जात नव्हतो, खजूर खाऊन रंधा मारत बसायचो. घरी चार ओळी खरडल्या, शेख रजा देत नाही, माझा इलाज नाही, अब्बांना सांभाळा. आमच्या बाजूचा एक माणूस त्याच बोटीने सुट्टीवर निघाला होता, त्याच्या हाती पत्र दिलं.

बोट सुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्री लाकूड घेऊन आले. त्यांच्या मागोमाग कारभारी आला. मला बघून तो जागीच थांबला आणि भराभर काहीतरी बोलत सुटला. मिस्त्री ऐकत होते, त्यांचा चेहरा उतरत गेला.

"तू गेला का नाहीस?" त्यांनी मला विचारलं.

"जाणार कसा? नाही म्हणाले ना. खलास म्हणाले."

मिस्त्री तिथेच लाकडावर बसले. "अरे बाबा, इथे खलास म्हणजे झालं. मंजूर. काळजी करू नको, काम झालं तुझं. तुझा कागद आणि बोटीचं तिकीट त्याच दिवसापासून मुख्य दरवाजावर पहारेकऱ्याकडे आहे. तो रोज तुझी वाट बघत होता."

कारभारी बिचारा पुन्हा पुन्हा माझ्या खांद्याला हात लावत होता. मला त्याच्याकडे बघवेना. चूक कुणाची म्हणू? ओरडायला कुणी समोर असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या बोटीने गेलो. शेखांनीच दुसरं तिकीट दिलं, एका शब्दाने विचारलं नाही. घरी पोचलो तर अंगणात लोक बसलेले, मला बघून उठले. अब्बांना जाऊन नऊ दिवस झाले होते.

भावाने मला आत नेलं, पाणी दिलं. म्हणाला, "तुझं पत्र आलं तेव्हा अब्बा शुद्धीवर होते. मी वाचून दाखवलं. त्यानंतर पाच दिवस होते."

"काय म्हणाले?"

"तुझ्यावर रागावले नाहीत. पडल्यापडल्या नमाज अदा करायचे आणि दर नमाजीनंतर एकच दुआ, या अल्ला, त्या शेखाच्या दिलात रहम घाल, माझ्या पोराला सोडू दे. शेवटच्या दिवशी आवाज निघत नव्हता, तरी ओठ हलत होते." भावाने डोळे पुसले. "कसला दगडाच्या काळजाचा माणूस असेल रे तो."

मी तोंड उघडलं. माझ्या खिशात तो रजेचा कागद होता, पहिल्या बोटीची तारीख घातलेला. मी खिशावर हात दाबून धरला आणि भावाला म्हटलं, "हो रे. तसलाच आहे तो."