गेरूखालचा पिवळा टेम्पो

तलासरी तालुक्यात वेवजीजवळच्या एका पाड्यावरच्या चौथीतल्या बावीस मुलांवर हा अन्याय झाला. २०१७ च्या डिसेंबरातल्या दुसऱ्या शुक्रवारी, दुपारी दोन ते सहाच्या दरम्यान, आमच्या डहाणूच्या ऑफिसात. मुलांना तो कळला दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. मलाही तेव्हाच कळला. मी त्या संस्थेत पगारावर होते, हे आधीच सांगून टाकते.

शनिवारी संस्थेच्या कार्यक्रमासाठी शाळेच्या पटांगणात टेबलावर चादर घालून मी क्रेट उघडला. आत मुलांनी रंगवलेले बावीस दगड असायला हवे होते. आत दहाच होते, आणि तेही लाल. सगळे एकाच गेरूत बुडवल्यासारखे. प्रत्येकावर पांढऱ्या रेघांची माणसं, त्रिकोणाची अंगं, काडीचे हातपाय, हातात हात धरून नाच. मला वाटलं क्रेट बदलला. झाकणावर मुलांच्या वर्गाचं नाव होतं, माझ्याच अक्षरात. मी ते दोनदा वाचलं.

"ताई, आमचे दगड कुठं हायत?" वनिताने विचारलं.

वनिता नऊ वर्षांची. तिच्या शेजारी तिची आई उभी होती. आई रोज पहाटे पिवळ्या टेम्पोत बसून उंबरगावच्या कंपनीत पॅकिंगला जाते. त्या दिवशी ती खाडा करून आली होती, कारण मुलीने तिला सांगितलं होतं की दगडावर तुझं तोंड काढलंय, बघायला ये.

मी प्रकल्पप्रमुखांना शोधायला निघाले.

आधी काम काय होतं ते सांगते. आमच्या संस्थेचा मुलांसाठी कलेचा प्रोजेक्ट होता आणि मी त्याची ट्रेनर. त्याआधी चार वर्षं मी मोर्च्यांची पत्रकं लिहायचे. दगड रंगवणं मी स्वतःच इंटरनेटवर बघून शिकले आणि ते लहान मुलांना चांगलं जमतं हे ओळखलं. कागद फाटतो, चुरगळतो, त्यावर चूक झाली की मूल रडतं. दगडावर चूक झाली की रंग वाळू द्यायचा आणि वरून रंगवायचं. खर्चही फारसा नाही.

पद्धत सोपी आहे, तुम्हीही घरी करू शकता. ओहोळातला गुळगुळीत, तळहातात मावेल असा दगड घ्यायचा. ब्रशने घासून धुवायचा आणि एक दिवस उन्हात ठेवायचा. ओलसर राहिला तर रंग सुटतो. मग पांढऱ्या ॲक्रिलिकचा एक पातळ थर. याला बेस कोट म्हणतात. त्यावर पेन्सिलने आकार, आधी मोठे रंग, मग बारकावे. ठिपक्यांसाठी खराट्याची काडी ब्रशपेक्षा बरी. शेवटी वॉर्निशचे दोन हात. ते मोठ्यांनी मारायचे, उघड्यावर. वॉर्निश म्हणजे पारदर्शक थर, खालचं चित्र पाण्यापासून राखणारा. हा शेवटचा थर लक्षात ठेवा.

ऑफिसने मला नमुन्यांचं एक पान छापून दिलं होतं. नवशिक्यांसाठी दगडावरचे सोपे विषय: पेंग्विन, निवडुंगाची कुंडी, लाल किडा, घुबड. मुलांनी पान फिरवून फिरवून बघितलं.

"ताई, हा कोण?" संगीताने पेंग्विनवर बोट ठेवलं.

"बर्फात राहणारा पक्षी."

"मग त्याला काढून काय करू? आपल्याकडं तं फ्रीज पण नाय."

पान मी बाजूला ठेवलं. म्हटलं, दगड हातात धरा, तो कशासारखा दिसतो बघा, तेच काढा. सोप्यात सोपी युक्ती हीच आहे. संगीताचा दगड उभट, खांद्यांशी गोल होता. तिने गॅसचा सिलिंडर काढला, लालभडक. घरी तो नुकताच आला होता आणि तिची आजी अजून त्याच्याजवळ बसायला घाबरत होती. कुणी कोंबडा काढला, कुणी तलासरीची यष्टी, एकाने नुसती चप्पल. वनिताचा दगड लांबट चौकोनी. तिने पिवळा टेम्पो काढला. मागच्या खिडकीत निळा पदर घेतलेली बाई. चेहरा तिने तीनदा पुसला, तीनदा काढला. चौथ्यांदा म्हणाली, "आता आली."

प्रत्येकाने दगडाच्या खाली आपलं नाव आणि पाडा लिहिला. मी वॉर्निश मारलं. आणि बावीस मुलांना शब्द दिला की कार्यक्रम झाला की दगड ज्याचा त्याने घरी न्यायचा. वाळायला आणि सांभाळायला म्हणून ते मी डहाणूच्या ऑफिसात नेऊन ठेवले. ही माझी चूक. शाळेच्या कपाटात ठेवले असते तर हे लिहावं लागलं नसतं.

पटांगणात मी प्रकल्पप्रमुखांना गाठलं. त्यांना सगळे निखिलसर म्हणायचे. ते माईक तपासत होते.

"सर, दगडांना काय झालं?"

"छान दिसतायत ना? काल पेंटर बोलावला होता. चारोटीच्या हॉटेलांच्या भिंती करतो तो. तू मांडव घालायला इकडे आलेलीस, म्हणून फोन नाही केला."

"त्यावर मुलांची चित्रं होती."

"प्राची, मुंबईहून देणगीदार लोक येतायत. त्यांना आदिवासी भागातलं काहीतरी हवं असतं. ट्रक-टेम्पो त्यांनी येताना चारोटीपर्यंत दोनशे बघितले."

"या मुलांनी हे काढलेलंच नाही. निम्म्यांच्या घरात ही चित्रं काढतच नाहीत. ती वारल्यांची घरंच नाहीत. ज्यांच्या घरात काढतात, त्यांच्याकडे लग्नाला, भिंतीवर काढतात."

"पाहुण्यांना तेवढं बारीक कळत नाही."

"बाकीचे बारा कुठे आहेत?"

"गिफ्ट बॉक्समध्ये. गाड्यांत ठेवलेत."

"मुलांना शब्द दिला होता सर."

"तो तू दिलास. संस्थेने नाही दिला." आणि ते परत माईककडे वळले. हॅलो, हॅलो.

मी पत्रकं लिहिली होती. सरकारवर, कंपन्यांवर, ठेकेदारांवर. समोर नेहमी कुणीतरी परका असायचा. इथे ज्यांच्या लेटरहेडवर मी सही करायचे, त्यांनीच नऊ वर्षांच्या मुलीने चार वेळा काढलेला आईचा चेहरा रंगाने झाकला होता. आणि ते म्हणत होते, छान दिसतायत ना. मला राग आला असं लोकांना वाटतं. राग नंतर आला. तेव्हा नुसतं सुन्न झाले होते.

टेबलाकडे परत आले तर मुलं दगड उचलून बघत होती. ओहोळापासून डोक्यावरून आणलेले, दोन दिवस घासलेले दगड. रंग बदलला तरी त्यांना ओळख पटत होती.

"हा माझा," संगीता म्हणाली. "ह्याला खाली खड्डा हाय, अंगठा बसतो."

"तुझा सिलिंडर व्हता. हा तं नाचतो," दुसऱ्या पोरीने तिला चिडवलं.

संगीताने दगड छातीशी धरला. ऊन चढलं होतं, हात घामेजले होते. तिने दगड खाली ठेवला तेव्हा तिचा तळवा लाल झालेला होता.

मी तो तळवा बघत राहिले. मग डोक्यात प्रकाश पडला. गेरू पाण्यातला रंग. पेंटरने तो वॉर्निशवर चढवला होता. वॉर्निशवर दुसरा रंग धरायचा असेल तर आधी काचकागदाने घासावं लागतं, नाहीतर रंग नुसता वर बसून राहतो. हे घासलेलं नव्हतं.

"संगीता, नळावरून बादली आण. आणि कुणाकडे फडकं आहे?"

फडकं कुणाकडेच नव्हतं. वनिताच्या आईने पदराचं टोक बादलीत बुडवलं, पिळलं आणि पहिला दगड पुसायला घेतला. नाचणारी माणसं आधी गेली. मग लाल पाणी. मग खाली निळी चप्पल, अंगठ्यासकट. ती ज्याची होती तो पोरगा ओरडलाही नाही. त्याने तिच्या हातातून दगड घेतला आणि चड्डीच्या खिशात घातला.

मग बादलीभोवती गर्दी झाली. सिलिंडर निघाला, यष्टी निघाली. मांडवात पाहुणे येऊन बसले होते. निखिलसर माईकवर संस्थेची दहा वर्षं सांगत होते. मध्येच माईक सोडून ते खाली आले.

"प्राची, बादली उचल. नंतर बोलू."

"नंतर गाड्या गेलेल्या असतील."

"तू तमाशा करतेयस."

"मी दगड धुतेय सर."

एवढ्यात पाहुण्यांतल्या एक बाई उठून आल्या. साठीच्या, सुती साडीतल्या. त्यांनी लाल पाणी बघितलं, दगड बघितले आणि विचारलं, "हे तुम्ही का पुसताय?"

मी सांगायच्या आत संगीता म्हणाली, "वरचं आमचं नाय. खालचं आमचं हाय."

बाई गाडीकडे गेल्या, खाकी खोका घेऊन आल्या, सुतळी सोडली. वर चिठ्ठी होती: 'आदिवासी बालकलाकाराची कलाकृती'. कुणाची, ते नाव नाही. आतला दगड त्यांनी स्वतः पदराने पुसला. कोंबडा निघाला. तो त्यांनी कोंबडेवाल्या पोरीच्या हातात दिला आणि मला म्हणाल्या, "बाकीच्यांना सांगा ना." मी मांडवात जाऊन सांगितलं. लोक अवघडून हसले. एकाने घड्याळ बघितलं. सरांनी जाहीर केलं की जेवण तयार आहे.

दहा आणि एक, अकरा दगड पुसून झाले. वनिताची आई प्रत्येकाच्या वेळी वाकून बघत होती. शेवटचा पुसून झाला तेव्हा तिने ओला पदर पिळला आणि मला विचारलं, "ह्यात मी नाय?"

"नाही."

"मग माझं तोंड कुणाकडं गेलं?"

तिने ते भांडायला विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, शोधते. वनिता तोपर्यंत बादलीतल्या लाल पाण्यात हात घालून बसली होती, तळाशी काही आहे का ते चाचपत.

जेवणं झाली, गाड्या गेल्या, अकरा खोके गेले. सोमवारी मी पाहुण्यांची यादी मागितली. ती गोपनीय आहे असं उत्तर आलं. तीन अर्ज केले, तिन्हींना तेच उत्तर. महिन्याअखेर मी नोकरी सोडली. तशीही राहिली नसती.

चारोटीला जाऊन मी त्या पेंटरला भेटले. महेशदादा, स्वतः वारली, हात सुरेख. हॉटेलच्या भिंतीवर ताडाचं झाड काढत होता. बादलीचं त्याच्या कानावर आलेलं होतं.

"दादा, तुम्हाला दिसलं नाही खाली पोरांची चित्रं आहेत?"

"दिसली. साहेब बोलले, पोरांनी चिताडलंय, झाकून टाक."

"आणि तुम्ही झाकलं."

"काम हाय माझं." त्याने ब्रश धुतला. "घासलं नाय ना पण. फेविकॉल पण नाय टाकला गेरूत. टाकला असता तं तुझ्या बादलीनं काय झालं नसतं."

"मग का नाही टाकला?"

"टेम्पोत बाई व्हती एक," तो म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

त्याचे आभार मानावेत की त्याला शिव्या घालाव्यात, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बावीस दगड झाकणारा हात त्याचाच. ते परत निघतील अशी सोय ठेवणाराही तोच.

आज २०१९ संपत आलंय. त्या सुती साडीच्या बाईंनी आपल्या ओळखीत विचारून दोन दगड परत मिळवले, एक विहीर आणि एक पतंग. नऊ अजून बाहेर आहेत. वनिता आता सहावीत आहे. मी पाड्यावर गेले की ती बोलते, चहा देते. दगडाचं विचारत नाही. तिची आई विचारते, दर वेळी, टेम्पोतून उतरल्यावर.

धंद्यातला धडा घ्यायचाच तर एवढा. मुलांच्या चित्रावर वॉर्निश त्याच दिवशी मारा आणि चित्र त्याच दिवशी मुलाच्या हातात द्या. आणखी एका दिवसाचाही भरवसा धरू नका, आपल्या ऑफिसचा तर नाहीच.

आता तुम्ही. तुमच्या, तुमच्या साहेबांच्या किंवा नातेवाइकांच्या शोकेसमध्ये तलासरीच्या एखाद्या कार्यक्रमात मिळालेला लाल दगड असेल, पांढऱ्या माणसांचा नाच असलेला, तर तो आज खाली काढा. ओल्या फडक्याने पुसा. घाबरू नका, खालचं चित्र जाणार नाही, त्यावर मी दोन हात मारलेत. दगड उलटा करून खालूनही पुसा. तिथे एका मुलाचं नाव आणि पाडा असेल. त्या पत्त्यावर तो पोचवा. आणि पुसल्यावर पिवळा टेम्पो निघाला, मागच्या खिडकीत निळ्या पदराची बाई निघाली, तर तो पोस्टाने पाठवू नका. स्वतः घेऊन या, संध्याकाळी सातनंतर, ती कंपनीतून आल्यावर. तिच्या हातात द्या.