दोन पत्र्यांची ओळ

आमच्या मालकाला विमान बांधायचं होतं. खामगावात तोवर लोकांनी रुईच्या गठाणी तेवढ्या बांधल्या होत्या, आणि हा गृहस्थ विमान बांधायला निघाला. महाराष्ट्र नुकताच झाला होता. त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या डोक्यात काहीतरी नवं शिरत होतं, याच्या डोक्यात हे शिरलं.

मी त्याच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये फिटर होतो. तोंडावर 'मालक, मालक' आणि मनात अरे-तुरे, असा माझा व्यवहार होता. परदेशातून नकाशांची गुंडाळी आली, मुंबईहून ॲल्युमिनियमचे पत्रे रेल्वेनं जलंबमार्गे आले, आणि गठाणींचं एक गोदाम रिकामं करून मला तिथे उभं केलं. विमान एका माणसाचं, आणि तो माणूस मालक स्वतः. नागपूरला कुणाच्या तरी विमानात एकदा पाऊण तास बसून आला होता, तेवढ्यावर स्वतःला वैमानिक समजत होता.

पंखाचे पत्रे जोडायचे ते बारीक रिपिटांनी, म्हणजे रिव्हेटांनी. भोकात रिपिट घालायची आणि तिचं पलीकडे निघालेलं टोक एका जाड पक्कडीनं दाबून चपटं करायचं. पक्कडीच्या जबड्यात एक स्क्रू असतो. तो फिरवून जबडा कुठवर मिटायचा ते ठरवायचं. सगळी अक्कल त्या स्क्रूत आहे. कमी दाबली तर टोक उंच राहतं आणि रिपिट पत्र्याला धरत नाही. जास्त दाबली तर टोक पातळ होऊन कडेनं तडकतं, भोवतीचा पत्रा फुगतो. पत्र्यांची जाडी बदलली की स्क्रू पुन्हा लावायचा, तेवढ्याच जाडीच्या तुकड्यांवर एक रिपिट दाबून बघायची, तिला मापाची पट्टी लावायची आणि मगच पंखाला हात घालायचा. यात न समजण्यासारखं काही नाही.

मालकाला ते समजत नव्हतं. त्याचा जन्म प्रेसमध्ये गेला होता आणि त्याच्या लेखी दाबणं हीच एक विद्या होती. गठाण जितकी आवळाल तितकी चांगली, मग रिपिट का नाही? मी दुपारी भाकर खायला गेलो की हा स्क्रू दोन आटे पिळायचा आणि पाच-पंचवीस रिपिटा पापडासारख्या लाटून ठेवायचा.

"काऊन मिस्तरी, एवढी ढिली काऊन ठेवता?" तो मलाच विचारायचा. "गठाण दाबतो तशी दाबा न."

"मालक, हे रुई नोहे. जास्त दाबली का तडकते."

"आतापरेंत तं एकबी तडकली नाई. तुमी भेता लय."

तडकल्या होत्या. दाखवायला मी भिंग आणलं, तर त्यानं त्यातून आपल्या अंगठीचा खडा पाहिला. मला त्याची किळस यायची. चार एकर ओलिताची अक्कल नाही आणि आभाळ पाहिजे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे बैलही नव्हता.

एक दिवस दुपारी मालकीणबाई गोदामात आल्या. याआधी त्या कधी आल्या नव्हत्या. पंखाला हात न लावता लांबच उभ्या राहिल्या.

"मिस्तरीभाऊ, हे खरंच उडून राह्यले काय यात?"

"हाव बाई. त्यायचा इचार पक्का हाय."

"त्यायच्या हातानं काही धड होत नाई, ते मले ठाव हाय. तुमच्या हातचं तरी पक्कं हाय न? घरात दोन लेकरं हायेत."

"बाई, माह्या हातची एक रिपिट ढिली निंघाली तं पक्कड खाली ठेवीन," मी म्हणालो. बोललो ते छाती फुगवूनच.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी गोदामात ही गर्दी. कापूस घालून मोकळे झालेले लोक विमान बघायला आत शिरले. मालक घरी जेवायला गेला होता. मी नुकतंच पंखाच्या मुळाशी एकावर एक तीन पत्र्यांचं काम संपवलं होतं, पुढची ओळ दोन पत्र्यांची होती. लोकांनी विचारलं, आणि मी सुरू झालो. मालक रिपिट कशी लाटतो, भिंगातून काय बघतो, विमानात बसायच्या आधी नांगराचं रुमणं धरायला कसा शिकला पाहिजे. लोक हसत होते. मी बोलत होतो आणि दाबत होतो. हात इतका छान चालला होता की ती ओळ कधी संपली ते कळलं नाही.

पुढे नागपूरहून विमानाचे एक इंजिनिअर पंख तपासायला आले. वाळका माणूस, कामाआधी चहासुद्धा घेतला नाही. मालकाच्या ओळी मीच उत्साहानं दाखवल्या. त्यांनी लाल पेन्सिलीनं एकेकीभोवती गोल काढले. मालकाचं तोंड उतरत गेलं आणि मला बरं वाटत गेलं. बाई दारात उभ्या होत्या.

मग ते दोन पत्र्यांच्या ओळीपाशी आले. पट्टी लावली. रिपिटांची टोकं तशीच उंच, दोन पत्र्यांमध्ये विडीच्या बंडलाचा कागद सरकत होता.

"या तडकलेल्यांपेक्षा ही ओळ वाईट आहे," ते म्हणाले. "आभाळात पहिली हीच उघडली असती. जाडी बदलल्यावर स्क्रू लावलाच नाही. कुणाची?"

मला बाजाराचा दिवस आठवला. तीन पत्र्यांना लावलेली पक्कड, आणि हसणारी माणसं.

"माहीच असन," मालक म्हणाला. "मिस्तरी रोज रागावतात, म्हणून मंधात एक दिवस मी ढिली करून पाह्यली होती."

मी पक्कड फडक्यानं पुसायला घेतली. इंजिनिअर साहेबांनी पंख बाद केला, मालकानं मान डोलावली आणि विमान तिथेच संपलं. पत्रे पुढे सरकीच्या कोठीला लागले.

मी बाहेर निघालो तेव्हा बाई दारातच होत्या. "तुमी होते म्हणून हे वाचले," असं म्हणून त्यांनी मला हात जोडले. मीही जोडले. दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर गेलो. पक्कड मी खाली ठेवली नाही.