लुर्डेस बोर्बाचं दोन जिल्ह्यांशी भांडण

लुर्डेस बोर्बाशी भांडण झालेलं नाही असा माणूस आमच्या गावात शोधून सापडायचा नाही. पाद्र्याशी तिचं भांडण, कारण तो सणाच्या दिवशी प्रवचन लांबवतो आणि तोवर भट्टीतलं मांस कोरडं पडतं. शेजारच्या इडालिनाशी कुंपणावरून. दुधाचा टँकर चालवणाऱ्याशी हॉर्नवरून. नवरा मॅन्युएल होता तोवर रोजचा रतीब त्याला. तो बिचारा जन्मभर दुसऱ्यांच्या गोठ्यात धारा काढून थकला, आणि शेवटच्या आजारात म्हणाला, "आता जरा शांतता मिळेल मला."

"घे मिळवून," ती म्हणाली. "मी येईपर्यंतच आहे ती."

तो गेल्यावर घर तिच्या अंगावर येऊ लागलं. म्हणून तिनं सरकारच्या ताब्यातली मुलं सांभाळायला घेतली, आईबापांकडून काढून घेतलेली. कुणी महिनाभर राही, कुणी वर्षभर. गावातली माणसं म्हणायची की आधीच ती पोरं पोळलेली, वर ही बाई. पण तिच्याकडून गेलेली पोरं नाताळला फोन करायची, आणि फोनवरसुद्धा ती त्यांना झापायची.

ती सगळी आमच्याच जिल्ह्यातली होती. नायला बाहेरची. दहा वर्षांची ही मुलगी डोंगरापलीकडच्या, खाडीकाठच्या शहरातली. तिथल्या सहा घरांनी तिला घेतलं आणि परत केलं. मग त्या जिल्ह्यात तिला ठेवायला घरच उरलं नाही, म्हणून तिच्यावर देखरेख ठेवणारी सरकारी समाजसेविका केंड्रा व्हिटलो तिला गाडीत घालून आमच्या खोऱ्यात घेऊन आली. उतरल्या उतरल्या पोरीनं नाक दाबलं.

"इथे शेणाचा वास येतोय."

"शेण आहे म्हणून येतोय," लुर्डेस म्हणाली. "होईल सवय."

"मी नाही राहणार इथे."

"मला तरी कुठे हौस आलीय? आत चल, सूप गार होतंय."

"ए म्हातारे, मला ऑर्डर सोडायची नाही."

"म्हातारी तर म्हातारी. हात धू."

पहिल्या दिवसापासून दोघींची अशी जुंपली. म्हातारीला तोडीस तोड मिळाली म्हणून इडालिना खूश होती. पण तोंडाचं भांडण लुर्डेसला जड नव्हतं. जड होतं ते दुसरंच. घरात कुठेही दार आपटलं, वाऱ्यानं का होईना, की नायलाचे डोळे फिरायचे. ती कोठीच्या दारावर डोकं आपटू लागायची, आणि थांबायची नाही. लुर्डेस डोकं आणि दार यांच्यामध्ये आपला हात घालायची. मग नायला त्या हाताला चावायची. मनगटापासून कोपरापर्यंत लुर्डेसचा हात काळानिळा झाला होता.

खाडीकाठी असताना नायलाची एक थेरपिस्ट होती, मिस ओडेट. आठवड्यातून एकदा ही पोर तिच्याकडे जाऊन जमिनीवर बसायची आणि बोलायची. सहा घरं बदलली, पण मिस ओडेट बदलली नव्हती. इथे आल्यावर ती बंद झाली. नियमच तसा आहे. मूल ज्या जिल्ह्यात राहायला जाईल त्या जिल्ह्याकडे त्याच्या मनाच्या उपचारांची जबाबदारी आपोआप जाते. जुनी थेरपिस्ट ठेवायची असेल तर कुणीतरी तसं मागावं लागतं. कुणी मागितलं नाही. पोरीला विचारलं नाही, लुर्डेसला सांगितलं नाही.

पोरीच्या तोंडून ओडेटचं कळलं तेव्हा लुर्डेसनं खाडीकाठच्या ऑफिसला फोन लावला. तिथली बाई म्हणाली की मुलगी आता तुमच्या जिल्ह्याची. आमच्या जिल्ह्याला लावला. तिथली म्हणाली की मुलीचे कागद अजून आलेले नाहीत, तेव्हा ती त्यांची.

"मग माझ्या स्वयंपाकघरात बसलीय ती कुणाची?" लुर्डेसनं विचारलं.

"मॅडम, आवाज चढवू नका."

"मी अजून चढवलेला नाही. चढवला की फोनची गरज लागणार नाही, नुसतंच ऐकू येईल."

शेवटी आमच्या जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य खात्यातला वेंडल पाइक नावाचा माणूस मुलीची तपासणी करायला घरी यायचं ठरलं. आणि इथे लुर्डेसनं घोळ घातला. आमच्याकडे गोठ्यावर इन्स्पेक्टर येणार असला की आदल्या दिवशी फरशी धुऊन लख्ख करतात, आणि आजारी गाय मागच्या कुरणात नेऊन ठेवतात. इन्स्पेक्टरनं विचारलं की सगळं झकास असतं. हे कुणी शिकवावं लागत नाही, दुधाबरोबर पोटात जातं. सरकारी गाडी फाटकात वळली की आमची जीभच उलटी चालायला लागते.

लुर्डेसनं घर घासलं. गोड पाव भाजला. ऐन जुलैत, अंगाची लाही होत असताना, पूर्ण बाह्यांचा लोकरीचा स्वेटर चढवला. पाइकनं विचारलं, कसं चाललंय? ती म्हणाली, उत्तम, गुणी आहे पोर. नायलानंही त्याच्यासमोर मान खाली घालून पावाचे दोन तुकडे खाल्ले. सरकारी माणसापुढे गुणी कसं दिसायचं हे तिला लुर्डेसपेक्षा जास्त माहीत होतं. पाइकनं आणखी दोन तुकडे रुमालात बांधून घेतले, आणि मुलीला फारसा त्रास नाही असं लिहून तिचा नंबर रांगेच्या शेपटाला लावला.

"तू खोटं का बोललीस?" गाडी गेल्यावर नायलानं विचारलं.

"परक्यापुढे घरचं काढायचं नसतं."

"मग आता तोच स्वेटर घालून फिर रोज."

ते लुर्डेसला फार झोंबलं.

शाळा सुरू झाल्यावर वर्गाचं दार कुणीतरी धाडकन लावलं, आणि नायलानं डोक्यानं खिडकीची काच फोडली. केंड्राचा फोन आला. पुन्हा असं झालं तर पोरीला राज्याच्या दुसऱ्या टोकाला, मुलांच्या वसतिगृहात टाकावं लागेल. लुर्डेसला ठाऊक होतं की तिथे सगळी दारं आपटणारीच असतात. तिनं दोघांनाही घरी बोलावलं, केंड्राला आणि पाइकला.

बैठक तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. अशा बैठकीला मूलही बसतं, म्हणून नायला होती. पाइकनं पावाकडे हात नेला. लुर्डेसनं ताटली उचलून ओट्यावर ठेवली. मग स्वेटर काढला आणि हात टेबलावर आडवा टाकला.

केंड्रा बघतच राहिली. पाइकनं खुर्ची मागे सरकवली.

"मागच्या वेळी मी खोटं बोलले," लुर्डेस म्हणाली. "ही डोकं फोडून घेते. मी मध्ये हात घातला की चावते. काल चावली, परवा चावली. मला जमत नाहीये."

तिनं जन्मात कुणापुढे हे तीन शब्द उच्चारले नव्हते, आणि आता उच्चारले तर तेही चुकीच्या माणसांपुढे. या धंद्यात 'मला जमत नाहीये'चा एकच अर्थ होतो. पाइकनं पेन काढलं. "म्हणजे तुम्ही मुलीला परत देताय." केंड्रा आधीच फोनवर रिकाम्या जागा शोधायला लागली होती.

नायला उठली. रडली नाही, ओरडली नाही. "माझे बूट कुठे आहेत?" एवढंच विचारलं.

मी लुर्डेसची कितीतरी भांडणं पाहिली आहेत, पण असा आवाज म्हणे तिच्या तोंडून कुणी त्याआधी ऐकला नव्हता, त्यानंतरही नाही. इडालिनाला कुंपणापलीकडे ऐकू गेला.

"खाली बस."

"तूच म्हणालीस."

"मला एकटीला जमत नाही म्हणाले. बूट मागायला सांगितलं नव्हतं. बस." मग ती पाइककडे वळली. "गाय आजारी पडली की आम्ही डॉक्टरला बोलावतो. तुम्ही लोक सरळ खाटकाला फोन लावता. लाज वाटते का?"

"मी गाय आहे का?" नायलानं विचारलं.

"गाय बरी. गाय चावत नाही."

पाइक म्हणाला की तो हिला रांगेत वर सरकवू शकेल. चार महिन्यांत कुणीतरी कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोलेल तिच्याशी.

"पडद्यावर नको," लुर्डेस म्हणाली. "मिस ओडेट कुठे गेली? मेली का?"

केंड्रानं मान खाली घातली. ओडेट तिथेच होती. जबाबदारी खाडीकाठच्या जिल्ह्याकडेच राहू दे असं तेव्हा मागता आलं असतं, ती म्हणाली. पण तिला वाटलं होतं की जुनं सुटलं तर मुलगी इथे लवकर रुळेल.

"तुला वाटलं," लुर्डेस म्हणाली. "हिला विचारलंस?"

"नाही."

"मग आता विचार."

केंड्रानं विचारलं. "ओडेट," नायला म्हणाली.

ते मिळायला आणखी सहा आठवडे गेले. केंड्रा तिच्या साहेबाशी भांडली, म्हणजे नशीबच, कारण एरवी ती भित्र्या मांजरासारखी होती. लुर्डेस रोज सकाळी दोन्ही ऑफिसांना फोन करायची. दोन्हीकडच्या बायकांनी तिचा नंबर ओळखायला सुरुवात केली, आणि पहिली घंटा वाजली की एकमेकींकडे टोलवायच्या. त्या सहा आठवड्यांत लुर्डेसचा हात काही बरा झाला नाही. मदत येणार हे कळल्यानं पोरी चावायच्या थांबत नाहीत. अर्ध्या बाह्या घालून ती चर्चला गेली. पाद्र्यानं विचारलं तर म्हणाली, पोर चावते, प्रवचन आवरतं घ्या, मला घरी जायचंय.

मग एका मंगळवारी ती नायलाला घेऊन डोंगर ओलांडून गेली. दोन तासांचा रस्ता, त्यात दोघींची गाण्यांच्या स्टेशनवरून तीनदा जुंपली. ओडेट दारात आली. नायला तिच्याकडे न बघता आत जाऊन जमिनीवर बसली. ओडेटनं दार लावलं, अगदी हळू, आवाज न करता. लुर्डेसनं ते पाहिलं आणि बाहेरच्या खुर्चीत बसून तिला रडू फुटलं. इतके महिने ती वाऱ्याशी, शाळेशी, पोरीशी भांडत होती, आणि दार कसं लावायचं हे माहीत असलेली बाई डोंगरापलीकडे बसून होती.

तासाभरानं नायला बाहेर आली. डोळे सुजलेले, नाक लाल. परतीच्या वाटेवर डोंगर उतरताना ती म्हणाली, "मी तिला तुझ्याबद्दल सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"की तू खोटारडी आहेस. की तुझ्या घरात शेणाचा वास येतो. की तू मला गाय म्हणालीस."

"आणखी?"

"की तू त्या लोकांना हात दाखवलास तो माझ्यासमोर. बाकीच्या घरांतले माझ्या पाठीमागे दाखवायचे."

लुर्डेसनं रस्त्यावरची नजर हलवली नाही. कुणी आपली उणीदुणी काढावीत आणि आपण ऐकून घ्यावं, हे तिला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

"झालं सांगून सगळं?" तिनं विचारलं.

"नाही," नायला म्हणाली. "तुझं खूप आहे. उरलेलं पुढच्या मंगळवारी सांगणार आहे."