बंद पेटीचा राखणदार

हिरामण कोळ्याने लढाईत जपान्यांवर बंदूक धरली, त्याचं गावात कुणाला फारसं कौतुक नव्हतं. सख्ख्या भावावर धरली, ती मात्र श्रीवर्धनचा कोळीवाडा कधी विसरला नाही.

पलटणीतून सुटून आल्यावर त्याचं होडीवर मन लागेना, म्हणून मुंबईच्या शास्त्रज्ञांकडे त्याने राखणदारीची नोकरी धरली. ही मंडळी आभाळात भलेमोठे फुगे सोडत. फुग्याला बांधलेल्या पेटीत फोटोचा मसाला लावलेल्या काचा असत आणि ताऱ्यांकडून येणारे, डोळ्यांना न दिसणारे किरण त्या काचांवर खुणा उमटवत. फुगा फुटला की पेटी पडेल तिथून ती न उघडता आणायची, हे हिरामणचं काम. आत उजेड शिरला की काचा वाया. एके वर्षी ऐन हिवाळ्यात पेटी पडली ती थेट समुद्रात, आणि अडकली थोरल्या भावाच्या, अनंताच्याच जाळ्यात.

आता कोळीवाड्याची रीत अशी, की दर्याने मासळीखेरीज काही दिलं तर ते आधी देवीसमोर उघडायचं. बंदच गावाबाहेर गेलं तर दर्या रुसतो. अनंता नारळ आणायला वळला आणि तेवढ्यात हिरामणने पेटी दयारामच्या बैलगाडीत चढवली आणि राखणदारीची बंदूक घेऊन तो वर बसला. चोरटेपणाच तो, दुसरं काय?

रस्त्यात ओढ्यावरची मोरी खचली होती, म्हणून पेटी न्यायला आलेल्या शास्त्रज्ञ साहेबांची जीप म्हसळ्यालाच थांबलेली. वाट सगळी जंगलाची. त्या काळी किनाऱ्यावर चोरटं सोनं उतरे, त्यामुळे वाटेत भेटेल तो आधी पेटीकडे बघे.

गाडीवान दयारामला राहवेना. "हिरामणदादा, सोनंच ना?"

"काचा हायेत."

"काचांना बंदूक लागते व्हय?"

दयारामने पाठ वळवली आणि बैल हाकले. हिरामण पेटीवर बसून राहिला. पलटणीत अशा वाटेवर पुढे-मागे आपली माणसं असत, शिव्या द्यायला तरी कुणी असे. इथे झाडी होती आणि दयारामची पाठ.

वळणावर माणसं आडवी आली. हिरामणला वाटलं, दरोडेखोरच. निघाला अनंता, पायवाटेने धावत आलेला, हातात नारळ, मागे गावचे दोघे.

"हिरा, उतर. देवीम्होरं उघडू, मग ने कुठं न्यायची ती."

"उजेड लागला तर सगळं जाईल, दादा. हितंच बंद पेटीवर नारळ फोड."

"बंद पेटीला नारळ? देवीला येडी समजतोस?" अनंताने पेटीच्या कडीला हात घातला.

हिरामणने बंदूक उचलली. अनंताने आधी नळीकडे पाहिलं, मग भावाच्या तोंडाकडे. नारळ त्याने गाडीच्या चाकाशी ठेवला आणि आल्या वाटेने तो परत गेला.

म्हसळ्याला साहेबांनी पेटीचं सील तपासलं, "छान" म्हणाले आणि जीप निघून गेली. काचांवर काय उमटलं, ते हिरामणला कुणी कळवलं नाही. त्या हंगामात मासळी कमी आली. अधूनमधून येतेच ती कमी, पण हे कोळीवाड्याला सांगणार कोण? अनंताच्या होडीवरून हिरामणच्या घरी रोज येणारा मासळीचा वाटा बंद झाला. त्याच्या दारावरून जाताना माणसं बोलणं थांबवत.

बरेच दिवस त्याने डाळीवर काढले. मग एका सकाळी तो बाजारात गेला. कोळ्याचा मुलगा, पिशवी घेऊन मासळी विकत घ्यायला! मासळीच्या पाटीमागे भावजय बसली होती, भागुबाई.

"काय देऊ?" तिने गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं.

"बांगडे द्या, वयनी."

तिने बांगडे पानात बांधले. "येवढं तरी सांगा भावजी, त्या पेटीत व्हतं काय?"

"ताऱ्यांच्या खुणा."

"तुमी बघितल्या?"

"न्हाय."

भागुबाईने दर सांगितला. हिरामणने तेवढेच पैसे मोजून पुढे केले.

"घासाघीस करा की! परक्यागत घ्यायला आलात, तर भाव तरी करा."

हिरामण पाटीसमोर तसाच उभा राहिला. मासळीचा भाव कसा करतात, हे शिकायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.