मंजूर भिंत

बारामतीत आमचं घर बांधताना मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एक बदल कुणालाही न विचारता केला. नगरपालिकेनं मंजूर केलेल्या नकाशात रस्त्याकडची खोली स्वयंपाकाची होती आणि मागची धान्याची कोठी. भिंती उभ्या राहिल्यावर पुढच्या खोलीतला वारा मामंजींना आवडला. तिथं त्यांनी स्वतःची बैठक ठरवली आणि चूल मागं कोठीत ढकलली. कोठीला खिडकी कशाला असेल?

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांना दमा होता. गावाकडं, कळसच्या जुन्या घरी उघड्या पडवीत चूल होती, तरी हिवाळ्यात त्यांची छाती भात्यासारखी वाजायची. म्हणून मी पदर सावरून म्हणाले, “मामंजी, मागं एक खिडकी पाडून घ्या.”

“नकाशात न्हाय ती. मंजूर कागदाला एकदा हात लावला, की समदंच उकरून काढत्यात. काम बंद पाडलं म्हंजे?”

मग बैठक कुठल्या नकाशात हाय, हे मी मनातच विचारलं. सुनेनं आणखी काय करायचं?

वास्तुशांतीला मामंजींनी नगरपालिकेच्या, बांधकामं तपासणाऱ्या ओव्हरसियरलाही जेवायला बोलावलं. नव्या चुलीवर घरच्या वडील सवाष्णीनं दूध उतू घालवायचं आणि ते उतू जाईपर्यंत चुलीपासून उठायचं नाही, ही आमच्याकडची रीत. बाभळीची लाकडं ओली निघाली. जाळ धरेना, नुसता धूर कोंडला. आत्याबाईंना श्वास पुरेना. मी भांडं उतरवायला गेले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

“ऱ्हाऊ दे. पैल्याच दिशी अपशकुन नगं.”

त्यांचे ओठ निळे पडत चालले होते. मला भीती वाटली आणि तिच्याहून जास्त राग आला. मी तशीच उठले आणि पुरुषांच्या भरल्या पंगतीत जाऊन ओरडले, “मामंजी, आत्याबाई मरतील आत!”

ते उठून आले. दारातच त्यांना ठसका लागला. धुरात त्यांना बायको दिसेना. ते माघारी वळले, तेव्हा मला वाटलं, गेले परत जेवायला. एवढ्यात मागच्या भिंतीवर बाहेरून पहारीचा घाव बसला. मग दुसरा. त्या भिंतीतल्या विटा आत कोसळल्या, भोकातून वारा आला, चुलीनं एकदम जाळ धरला आणि दूध भस्सकन उतू गेलं. मी आत्याबाईंना धरून अंगणात आणलं. कितीतरी वेळानं त्यांनी पुरता श्वास घेतला.

ओव्हरसियर उष्ट्या हातानं भोकासमोर उभा होता. आता घर जातंय, असंच आम्हाला वाटलं.

“ही कोठी होती ना?”

“व्हय,” मामंजी म्हणाले. पहार अजून त्यांच्या हातात होती. “चुकलं.”

“उद्या दुरुस्तीचा नकाशा घेऊन या,” तो म्हणाला. “तोवर हे भोक बुजवू नका.”

दुरुस्ती मंजूर झाली. मामंजींनी तो कागद आत्याबाईंपुढं पसरला. “ही लाल रेघ हाय न्हवं, ती तुझी खिडकी.”

आत्याबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद नीट न्याहाळला. “आन् चूल कुठं हाय?”

मंजूर कागदाला हात न लावणाऱ्या मामंजींनी कोनाड्यातली पेन्सिल घेतली आणि त्या कागदावर चूल काढली.