सत्तावीस मुद्द्यांची जीप

आधी तो चहा खाली ठेवा बघू. मागच्या वेळी हे सांगताना एकाला ठसका लागला आणि त्याचं खापरही माझ्याच डोक्यावर फुटलं. माझ्या हातून मूर्खपणा पुष्कळ झालाय हो, पण चार चाकांवर बसून, पुढे वाजंत्री लावून, अख्ख्या मैलापूरभर मिरवलेला मूर्खपणा हा एकच!

मी मूळचा साताऱ्याचा. मद्रासला आलो तो नोकरीसाठी. गिंडीला पंपाचे सुटे भाग बनवणारा एक छोटा कारखाना होता, तिथं मी तपासनीस. तयार माल बघायचा आणि चूक सापडली की लाल खडूनं फुली मारायची. दिवसभर दुसऱ्याच्या चुका काढायच्या! माणूस बिघडतो त्यानं. घरी बायकोनं सांबार वाढलं तरी मी आधी शेवग्याच्या शेंगेचे तुकडे सारखे कापलेत का ते बघायचो.

बायको कमल, मैलापूरच्या तंजावरी मराठी घरातली. तीनशे वर्षं तमिळ मुलखात राहिलेली माणसं. ‘सांगितलं’ला ‘सांगटलं’ म्हणतात आणि दर चार शब्दांमागे एक ‘सरी’, म्हणजे ‘बरं’, घालतात. माझी मराठी ऐकून सासरे आप्पा म्हणायचे, “जावईबापू, तुम्ही बोलता तें छान, पण भांडता कां?”

तर झालं असं, की धाकट्या मेहुणीचं, सुगुणाचं लग्न ठरलं. इकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरदेवाला उघड्या मोटारीत बसवून देवळाभोवती मिरवतात. त्याला म्हणतात जानवासम. आपल्याकडे जानवसा म्हणजे वऱ्हाडाचं बिऱ्हाड, ते आपलं जागच्या जागी असतं. यांचा जानवासम मात्र चालतो. चालायला हवा, निदान!

मुलाचे मामा बोलणी करायला आले होते. भुवया अशा, की माणूस न रागावताही रागावलेला वाटावा. म्हणाले, “आम्हाला देणंघेणं काही नको. जानवासम तेवढा झोकात करा. मोटार उघडी पाहिजे. आमच्या मुलाला बंद डब्यात घालून नेलेलं चालणार नाही.”

आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या मुहूर्ताला मद्रासमधल्या सगळ्या उघड्या मोटारी आधीच ठरून गेलेल्या. आणि मी, कोणी विचारलेलं नसताना, बोलून गेलो, “त्यात काय आप्पा? मी जीप घेतोच आहे. टप काढलं की झाली उघडी मोटार!”

जीप घ्यायची माझी हौस जुनी, एवढंच खरं. घेतोच आहे वगैरे काही नव्हतं.

“जुनी घेणार?” आप्पा हळूच म्हणाले. “अय्यो, फसवतात हो त्यांत.”

“मला? आप्पा, मी तपासनीस आहे!”

झालं! तिथून पुढे माझी जीभ आणि माझं नशीब यांची फारकत झाली.

परंगीमलै म्हणजे गिंडीच्या पुढची ती टेकडी. सगळं मद्रास कसं परातीसारखं सपाट, तेवढी एक टेकडी. तिच्या चढावर दोरैस्वामी नावाचे निवृत्त सुभेदार राहत आणि त्यांना आपली लढाईतली जीप विकायची होती. मी वही केली. जुनी जीप घेताना काय बघावं याचे सत्तावीस मुद्दे काढले, प्रत्येकापुढे बरोबरच्या खुणेसाठी चौकोन आखला. कमलला बरोबर घेतलं. का? तर नवऱ्याचं ज्ञान तिनं एकदा डोळ्यांनी बघावं!

काय तपासलं म्हणून सांगू! धोतर खोचून मी गाडीखाली आडवा झालो. समुद्रकाठची गाडी खालून खारट हवेनं सडते, म्हणून सांगाडा हातोडीनं टकटक वाजवून पाहिला. कुठं बद्द आवाज नाही. स्प्रिंगांचे पाटे मोजले, तुटका एकही नाही. जमिनीवर तेल ठिबकलंय का पाहिलं. पाण्याच्या टाकीत तेलाचा तवंग आहे का, बोट बुडवून पाहिलं. सुकाणू डावीकडे होतं, त्याला किती ढिलाई आहे ते पट्टी लावून मोजलं. सुभेदार बाजूला उभे राहून मला पंखा घालत होते.

“आता चालवून दाखवा,” मी म्हणालो.

सुभेदार चढून बसले, ब्रेक सोडला. जीप उतारावरून अल्लाद घरंगळली, त्यांनी गिअर टाकला, आणि फुर्रर्र! इंजिन सुरू.

“सेल्फ नाही मारलात?” मी विचारलं. सेल्फ म्हणजे ते पायानं दाबायचं बटण, जे दाबलं की इंजिन सुरू होतं.

“असं केलं की बॅटरी वाचते, सर.”

वा! मी कमलकडे बघून मान डोलावली. बघ, गाडी जपणं याला म्हणतात.

मग धूर पाहिला, पांढरा नाही, निळा नाही. चारही चाकांचा जोर लावायचा तो दुसरा दांडा टाकून टेकडीमागच्या वाळूत जीप घातली. बैल काय ओढेल अशी निघाली बाहेर! खाली उतरून मी चाकांच्या खुणासुद्धा तपासल्या. राहिलं होतं फक्त हँडल, समोरून घालून फिरवायचं लोखंडी हँडल.

“ते हरवलं, सर. बारा वर्षांत कधी लागलंच नाही.”

आता इथं माझी बुद्धी बघा. दुसऱ्या कोणाला शंका आली असती. मी काय म्हणालो मनात? बारा वर्षं हँडल लागलं नाही, म्हणजे सेल्फ किती चोख असला पाहिजे! आणि त्या चौकोनात मी दोनदा बरोबरची खूण केली, पैसे मोजले आणि जीप लग्नापर्यंत तिथंच ठेवली.

येताना कमल म्हणाली, “अहो, अंगणात एवढी सपाट जागा आहे, मग गाडी त्या उतारावर कां लावतात?”

“वाऱ्यासाठी,” मी म्हणालो. “तुला नाही कळायचं.”

जानवासमच्या दिवशी राहूकाळ टळल्यावर मी जीप आणायला गेलो. टेकडीवरून घरंगळलो, फुर्रर्र, थेट मैलापूर. दारात इंजिन बंद केलं तेव्हा अख्खी गल्ली बघत होती. आप्पांच्या डोळ्यांत पाणी! खरंच सांगतो, त्या क्षणी मला फार आनंद झाला होता. साताऱ्याचा परका पोरगा, त्यानं या घराची अब्रू राखली होती.

जीप फुलांनी मढवली. दिवेलागणीला नवरदेव आला. सडपातळ, चष्मेवाला, नेसूला रेशमी वेष्टी, म्हणजे इकडचं लुंगीसारखं धोतर, गळ्यात हा एवढा हार. मागे मामा बसले, भुवयांसकट. पुढे नादस्वरमवाले, म्हणजे इकडचे सनईवाले, दोन्ही बाजूंना डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या बायका. वरच्या गच्चीत सुगुणा आणि तिच्या मैत्रिणी. मी ऐटीत सेल्फवर पाय दिला.

टक्.

पुन्हा दिला. टक्.

“काय झालं?” मामा.

“काही नाही, थंड आहे जरा.” मद्रासमध्ये! मे महिन्यात!

बॅटरी गेली म्हणावं, तर हॉर्न असा खणखणीत वाजला की पुढचा नादस्वरमवाला दचकून बेसूर झाला. दिवे लख्ख. घरंगळवावी म्हणून मी खाली उतरून रस्ता पाहिला. इकडे सपाट, तिकडे सपाट! गोटी ठेवली असती तरी हलली नसती. आणि तेव्हा, अहो, तेव्हा मला ती टेकडी आठवली. घाम फुटला मला.

“ढकलावी लागेल,” मी पुटपुटलो.

“काय?” मामा उभेच राहिले. “आमच्या मुलाला ढकलत नेणार? हातगाडी आहे ही? आप्पाराव, मघाशी तुमचे जावई सत्तावीस मुद्दे सांगत होते ना?”

आप्पा हात जोडून उभे. माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

आम्ही ढकललं. आचारी, भटजी, आप्पा मागून, आणि गाडी हलली तसा मी उडी मारून आत. फुर्रर्र! मिरवणूक निघाली. पण नादस्वरमवाले कोपरा आला की थांबणार, राग आळवणार. गाडी थांबली, की त्या गर्दीत इंजिनाला धाप लागायची आणि ते गचकन बंद पडायचं. पुन्हा ढकला! दुसऱ्या कोपऱ्यावर आचाऱ्यानं हात टेकले, “सर, उद्याचा स्वयंपाक मलाच करायचाय.” तिसऱ्या कोपऱ्यावर ढकलायला कोणी उरेना, आणि मामा गरजले, “बास! मुलगा खाली उतरेल आणि आम्ही परत जाऊ!”

मुलगा खाली उतरला.

माझी तर पाचावर धारण बसली. सुगुणाचं लग्न मी मोडलं! पण त्यानं हार काढून मामांच्या गळ्यात घातला, चष्मा खिशात ठेवला, रेशमी वेष्टी गुडघ्यावर दुमडली आणि जीपच्या मागे जाऊन खांदा लावला.

“सर, तुम्ही गिअर बघा,” तो म्हणाला. “मामा, बसून काय राहिलात? उतरा, वजन कमी होईल!”

आणि काय सांगू, मामा उतरले! हारासकट ढकलायला लागले. नादस्वरमवाल्यानंही लय चढवली. शेवटचा रस्ता तर आम्ही पळतच पार केला. दारात पोचलो तेव्हा सुगुणा गच्चीच्या कठड्यावरून निम्मी खाली वाकून हसत होती, डोळे पुसत होती. पुढं कितीतरी दिवस ती सांगायची, लग्न दुसऱ्या दिवशी लागलं तरी मी याला वरलं ते त्याच संध्याकाळी.

लग्न पार पडल्यावर मी टेकडीवर गेलो तो तावातावानं. सुभेदारांनी शांतपणे कॉफी पुढे केली.

“सर, तुम्ही सत्तावीस गोष्टी विचारल्या. मी एकाचं तरी खोटं उत्तर दिलं?”

नव्हतं दिलं हो! सेल्फचे दाते झिजलेले होते, तो सुटा भाग मद्रासमध्ये मिळेना, आणि मी वहीत जीप लिहिली होती, तिच्याखालची जमीन लिहिलीच नव्हती.

मग तोड काय? सुभेदार भले गृहस्थ, म्हणाले, लावा इथंच उतारावर. तेव्हापासून जीप माझी आणि जागा त्यांची. सकाळी मी मैलापूरहून बस पकडून टेकडीवर जायचो, तिथून घरंगळत, फुर्रर्र, ऐटीत कारखान्यात. सुटताना चार जण हौसेनं ढकलायचे, मी जीप परत टेकडीवर लावायचो आणि बसनं घरी.

महिनाभरानं बसच्या कंडक्टरनं विचारलं, “सर, रोज टेकडीवर कोणाकडे जाता?”

“माझी जीप असते तिथं,” मी जरा छाती काढून म्हणालो.

“अस्सं! मग जीप घेऊन कुठं जाता?”

“गिंडीला. कारखान्यात.”

त्यानं तिकीट फाडता फाडता खिडकीबाहेर बघितलं. बस नुकतीच एका थांब्यावर उभी राहिली होती.

“हाच ना तुमचा कारखाना?” तो म्हणाला. “मग इथंच उतरा की!”